तोच प्रश्न तिघांना

पौषातल्या उन्हात आम्ही दोघं पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलो होतो. भागरता, म्हणजे माझी बायको, खाटेवर भिंतीला टेकून. मी खाली, मधात सूप. दवाखान्यातून तिला घरी आणली होती. डॉक्टर "घरी न्या" म्हणाले ते काऊन, हे मला समजलं होतं, तिलाही समजलं होतं. पण शेंगा आणल्या होत्या त्या सोलायच्याच होत्या. तिची बोटं तशातही माझ्यापेक्षा भरभर चालत. माझ्या दाण्यांत किडका दाणा दिसला की उचलून माझ्याच अंगावर फेकायची.

"आंधळे झाले का जी?"

"तूच सोल मंग."

"सोलतोच ना मी." आमच्याकडच्या बायाही "करतो"च म्हणतात.

अर्ध्या शेंगा झाल्यावर तिचे हात थांबले.

"परीक्षेच्या आंधी मैनीले घेऊन या."

"कोन मैनी?"

"आपल्या वळखीच्या धा मैन्या हायेत का? एटापल्लीकडची. बीएवाली."

"आनतो."

"नुसतं आनतो नोका म्हनू. आना."

दमली ती. उरलेल्या शेंगा उद्या सोलू म्हटलं आणि फडक्यात बांधून गाठोडं खुंटीला लावलं. उद्या दुसरंच काम निघालं. चार माणसं बोलवावी लागली, बांबू आणावे लागले. गाठोडं खुंटीलाच राहिलं.

मी चौथी शिकलेला माणूस. नाव किसन. चंद्रपुरात एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात आम्ही दोघं नवराबायको स्वयंपाकाला होतो, केस काळे होते तेव्हापासून. ती रांधायची, मी लाकडं फोडायचो, पाणी भरायचो, बाजार आणायचो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, मैनीच्या गावाचंही लिहीत नाही. मैनीचं खरं नाव मैनी नाही. हे नियम सुनंदाबाईंचे आहेत, त्या पुढे येतील. बायकोचं नाव मात्र मी खरं लिहिलं आहे. ते का, तेही पुढे येईल.

चंद्रपूर

सुनंदाबाई विद्यापीठातल्या. विद्यापीठाचाच अभ्यास करत होत्या. जंगलातल्या मुली कॉलेजात येतात आणि अर्ध्यातून परत जातात, ते काऊन, हे त्यांना लिहायचं होतं. मला आधी हसू आलं. विद्यापीठाला आपल्याच घरातलं माहीत नाही आणि ते शोधायला एक बाई पगार देऊन ठेवली! पण बाई कामाला चिवट. अख्खा पावसाळा आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिल्या.

"काय करून राह्यल्या बाई?" मी विचारलं.

"बघतेय."

"ह्याचा पगार भेटते?"

"भेटतो की."

"मंग मीबी उद्यापासून बघतोच. लाकडं तुमी फोडा."

भागरतानं मला उलथनं दाखवलं. तिचं आणि बाईंचं जमलं होतं. बाईंजवळ तीन हत्यारं होती. एक, असं बसून बघणं. दुसरं, आवाज धरून ठेवायची मशीन, शाळेच्या दप्तराएवढी. तिसरं, विचारणं. एकाला विचारायचं, मग तेच दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि कुठं जुळतं कुठं जुळत नाही ते पाहायचं. ह्या तिसऱ्या हत्यारानं आम्हाला पुढं कापलं.

दिवाळीच्या सुमारास भागरता आजारी पडली. आम्ही काम सोडलं, नवीन स्वयंपाकीण आली. मैनी दिवाळी करून परत आली, महिनाभर राहिली आणि कोणाला न सांगता गावी निघून गेली. बीएचं दुसरं वर्ष. वसतिगृहाच्या मॅडम म्हणाल्या, कोणासोबत पळाली असेल. नवीन स्वयंपाकीण म्हणाली, माह्या हातची भाजी तिले गोड लागत नव्हती. ज्याच्या तोंडात जे आलं ते.

बाई भागरताला सोबत घेऊन मैनीच्या गावी जाणार होत्या, कारण मुलींचा तिच्यावर जीव. भागरता गेल्यावर बाई भेटायला आल्या आणि जाताना म्हणाल्या, "आता मला तिथे कोण बोलू देणार?"

मी म्हटलं, मी येतो. तरुणपणी आलापल्लीच्या बाजूला लाकूडतोडीवर होतो, गोंडी बोलता येते. बाईंना कारण पाहिजे होतं, मला पोरगी पाहिजे होती. परीक्षेला बसली नसती तर तिची दोन वर्षं पाण्यात जात होती, आणि तिच्या मागून त्या गावानं दुसरी पोरगी शिकायला पाठवली नसती. पण खरं सांगू तर गावाचा विचार मी तेव्हा केला नव्हता. मी "आनतो" म्हटलं होतं, एवढंच डोक्यात होतं.

आष्टी, आलापल्ली, एटापल्ली

फाल्गुन लागला होता. गोंडपिपरीच्या पुढं पळस असा फुलला होता की डोळ्यांना टोचत होता. मला तो आवडला नाही. कंडक्टर आमच्या ओळखीचा निघाला. भागरताच्या हातचं खाल्लेला.

"भाऊ, एकटेच? वैनी नाई दिसून राह्यल्या?"

"घरी हाय," मी म्हटलं.

सुनंदाबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. चांगलं केलं. काही बोलल्या असत्या तर मी आष्टीलाच उतरलो असतो.

आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली. पाणी कडेला गेलेलं, वाळूच वाळू. आलापल्लीत आलुबोंडा आणि तिखट तर्री खाल्ली. बाईंच्या डोळ्यांतून नाकातून पाणी. हॉटेलवाला म्हणाला, "पुन्याच्या का?" बाई म्हणाल्या, "नागपूरची." तो म्हणाला, "मंग रडता काऊन?"

तिथून पुढं सागाचं जंगल. पानं गळून गेलेली, खाली नुसता कुरकुर पाचोळा. माझ्या तरुणपणी ह्या जंगलाची भीती वाघाची होती. आता माणसांची होती. एटापल्लीच्या स्टँडवर उतरलो तर पोलिसानं बोलावलं.

"मशीन कायची हाय?"

बाईंनी विद्यापीठाचं पत्र दाखवलं. त्यानं ते नीट वाचलं नाही.

"गावात चालू नोका करू. अंदरचे नक्षलवाले लोक म्हनतीन तुमी आमची मानसं, आन आमी म्हनू तुमी त्यायची. दोन्हीकडून तुमीच मराल."

बाई हसल्या, पण पिशवीचा पट्टा त्यांनी खांद्यावरून काढून छातीशी धरला. तिथून पुढं त्या पिशवी तशीच धरून चालल्या.

लाकडाच्या ट्रकमधून थोडं, मग पायी. नाल्यात बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. मी पळसाच्या मुळीची दोरी करून बांधून दिला. मोहफुलं पडायला नुकती सुरुवात झाली होती आणि झाडाखाली बाया टोपल्या घेऊन होत्या. त्यांना रस्ता विचारला. त्यांनी आधी मशीनच्या पिशवीकडं पाहिलं, मग माझ्या पिकल्या डोक्याकडं, आणि मग हात दाखवला.

गाव

आपल्याकडं पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी लोक विचारतात, कसे आले, काय काम काढलं. तिथं तसं नाही. आम्हाला गोटुलात बसवलं. गोटुल म्हणजे गावाची सगळ्यांची बसायची जागा, पाहुणाही तिथंच उतरतो. पाणी आलं. तंबाखू आला. मग नुसतं बसणं. माणसं येत होती, "जोहार" म्हणत होती, भिंतीला टेकून बसत होती. कोणी काही विचारत नव्हतं. बाईंनी हळूच मशीन चालू केली तर सगळे आणखीच गप्प झाले. एक कोंबडा तेवढा बोलला, तो मशीनमध्ये आला असेल. मी म्हटलं, बंद करा ते. त्यांनी केलं.

उन्हं कलल्यावर मैनीचा बाप आला, विज्जा. खांद्यावर कुऱ्हाड, अंग सडपातळ, बोलणं कमी. पोरीला पहिल्यांदा वसतिगृहात सोडायला आला होता तेव्हा मी त्याला पाहिलं होतं. तो बसला. बराच वेळ गेला. मग गोंडीत म्हणाला, "तुझी बाई नाही आली?"

"नाही आली," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली.

"मैनी कुठं आहे?" मी विचारलं.

"आहे." त्यानं हनुवटीनं जंगलाची बाजू दाखवली. पुढं कोणी बोललं नाही. मी त्या लोकांत राहिलेला माणूस, मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पण कॉलेजात जाणाऱ्या पोरीच्या बाबतीत ते माझ्या ध्यानात आलं नाही.

जाडा भात, आंबील आणि लाल मुंग्यांची चटणी आली. बाईंनी चटणी खाल्ली आणि परत मागून घेतली. बाया तोंडावर हात ठेवून हसल्या. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

जेवल्यावर बाईंनी विज्जाला विचारलं, मी गोंडीत सांगितलं: मैनी कॉलेज सोडून का आली?

"ताप येत होता," विज्जा म्हणाला.

नंतर विज्जाचा भाऊ दसरू बैल बांधत होता, त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, "धान कापायला घरी माणूस नव्हतं." मैनीची आई मोह वाळत घालत होती, तिला विचारलं. तिनं टोपलीतच पाहत सांगितलं, "रस्ता लांब आहे."

बाईंचा चेहरा उजळला. "भाऊ, तिघांची तीन उत्तरं. म्हणजे खरं कारण चौथंच आहे. विज्जांना परत विचारायला हवं."

"एकदा झालं ना इचारून."

"पडताळून पाहावं लागतं."

त्या शिकलेल्या, म्हणून मी पुढं बोललो नाही. गोटुलात सगळे परत जमल्यावर त्यांनी विचारलं आणि मी जसं होतं तसं गोंडीत ठेवलं: तू म्हणतोस ताप होता, दसरू म्हणतो धान कापायचं होतं, पोरीची आई म्हणते रस्ता लांब. तर झालं काय?

विज्जा माझ्याकडं पाहत राहिला. मग उठला, कुऱ्हाड खांद्यावर घेतली आणि निघून गेला. त्याच्या मागं एक म्हातारा उठला. मग दुसरा. कोणी रागानं बोललं नाही, कोणी पाय आपटला नाही. पाहता पाहता गोटुल रिकामं. दसरू तेवढा दाराशी उभा होता.

"उद्या सकाळी जा," तो म्हणाला. "ती मशीन घेऊन जा. आमच्या घरात कोण खोटं बोलतं ते लिहायला पोलिसांनी पाठवलं का तुम्हाला?"

मी नाही म्हटलं. तो थुंकला आणि गेला. बाईंनी पिशवी जवळ ओढली.

"काय म्हणाला?"

"उद्या जा म्हनते. पोलिसायनं धाडलं म्हनते तुमाले."

"पण मी वाईट काय विचारलं?"

"तुमच्या विद्यापीठात चालत असंल बाई. इथी एकाले इचारून मंग तेच दुसऱ्याले इचारलं, म्हंजे पयल्याले खोटं पाडलं. बापाले त्याच्या गावात, त्याच्या भावासमोर खोटं पाडलं तुमी. आन माह्या तोंडानं पाडलं."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी मले इचारलंच नाई! अख्ख्या गावाले इचारलं, माह्याखेरीज."

बाई रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत. पिशवीवर हनुवटी ठेवून बसल्या. मी दाराकडं पाहत होतो. बाईंचं कारण गेलं होतं, माझी पोरगी गेली होती, आणि अंधारून यायला लागलं होतं. भागरता इथं असती तर काय केलं असतं, हे मी आठवत होतो. तिनं विचारलंच नसतं. तिनं आधी बसून चार शेर मोह निवडून दिला असता.

दिवेलागणीला विज्जा परत आला. एकटा नाही. गावचा गायता, म्हणजे तिथला देवाधर्माचा आणि न्यायनिवाड्याचा वडीलधारा, तो होता. दसरू होता. आणखी माणसं होती. मधात आग केली. मी बाईंना म्हटलं, आता तुम्ही काहीच बोलू नका.

विज्जा माझ्या समोर बसला.

"आम्ही तिघं खोटे," तो म्हणाला. "बरं. आता मी तुला विचारतो. एकदाच विचारतो. बाई का नाही आली?"

"घरी आहे."

"नाही." त्यानं आगीतलं लाकूड सारलं. "पोरीला सोडून मी निघालो तेव्हा तिनं माझ्या फडक्यात भाकरी बांधली, लोणचं बांधलं. म्हणाली, मैनीच्या आईला माझ्या हातचं दे. दिवाळीत पोरगी आली तर तिच्याजवळ लाडू पाठवले. तू एवढं जंगल तुडवून आलास आणि तुझे हात रिकामे. ती घरी असती तर तुला रिकाम्या हातानं येऊ दिलं असतं का?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. बाईंना गोंडी येत नव्हती, पण त्यांनाही समजलं असावं, त्यांनी मान खाली घातली.

मी मराठीत तो शब्द तोवर कोणाजवळ काढला नव्हता. सोयऱ्यांना निरोप पाठवला तोही दुसऱ्याच्या तोंडून. कंडक्टरला खोटं बोललो, शेजाऱ्यांना टाळलं. गोंडीत तो शब्द लहान आहे. तोंडातून निघून गेला.

"मेली," मी म्हटलं. "पौषात मेली. शेंगा सोलत होतो आम्ही. मैनीला घेऊन या म्हणाली. म्हणून आलो. दुसरं मला काही माहीत नाही. ह्या बाईला काय लिहायचं ते ती लिहील, मला पोरगी न्यायची आहे."

गायत्यानं पानाचा दोना भरला, गोरग्याच्या म्हणजे रानातल्या माडाच्या ताडीनं. दोन थेंब जमिनीवर सांडले, मेलेल्या माणसासाठी सांडतात तसे. तो माझ्या हातात दिला. आम्ही बौद्ध, मी पीत नाही. मी सगळाच दोना जमिनीवर ओतला. कोणी काही म्हटलं नाही. दसरू माझ्या बाजूला येऊन बसला. त्या रात्री तो उठून गेला नाही.

मैनीच्या आईनं दारातून ऐकलं होतं. ती वळली आणि गावाच्या कडेला झाडांकडं गेली. थोड्या वेळानं तिकडून रडण्याचा आवाज आला. तरण्या पोरीचा. गळा फाडून. माझ्या घरी भागरतासाठी असं कोणी रडलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"मैनी तिकडं आहे," विज्जा म्हणाला. "कुर्म्यात."

कुर्मा म्हणजे गावाबाहेरची झोपडी. बायका महिन्याच्या दिवसांत तिथं बसतात. पुरुषानं तिकडं जायचं नाही, आणि पुरुषांत, त्यातून पाहुण्यासमोर, ते बोलायचंही नाही. तेव्हा मला सगळं समजलं. बापानं ताप सांगितला, काकानं धान, आईनं रस्ता. ज्याच्या हाताला जे पांघरूण लागलं ते त्यानं पोरीवर टाकलं. आणि आम्ही तिन्ही पांघरुणं ओढून, हे काय आहे म्हणून विचारत होतो.

बाईंना सांगितलं. त्या इतकंच म्हणाल्या, "मी उद्या मशीन नेणार नाही."

मोहाच्या झाडाखाली

सकाळी मैनीच्या आईनंच बाईंना कुर्म्याकडं नेलं. मी मोहफुलं वेचू लागलो. बसून काय करणार? बऱ्याच वेळानं आई परत आली आणि मला हातानं खूण केली. एका जुन्या मोहाच्या झाडाशी उभं केलं, पाठ झोपडीकडं, तोंड गावाकडं. इथून पुढं जायचं नाही. मागून आवाज आला, रडून बसलेला.

"मावसाजी."

"बोल."

"मले कोनी सांगतलंच नाई."

"मीच कोनाले सांगतलं नाई."

तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, "तुमाले लाकडाची खोली माहीत हाय ना? स्वयंपाकघराच्या मागची?"

"मीच लाकडं भरतो तिथी. भरत होतो."

"मावशी दर महिन्याले मले तिथी जागा करून द्यायची. पोतं टाकून. जेवन आनून द्यायची. पोरी झोपल्या की मी तिथी जायचो, आन दिवसा कॉलेज. खोलीत पोरीयमंदी झोपलो तर माह्या मनाले लागत होतं. मावशीनं कोनाले सांगतलं नाई."

मी झाड धरलं. दर महिन्याला भागरता एक ताट झाकून मागच्या दारानं न्यायची. मी विचारलं की म्हणायची, कुत्रीले टाकतो. मी म्हणायचो, कुत्रीले ताट कायले पाहिजे?

"दिवाळीनंतर आलो तर खोलीले कुलूप. नवीन बाई म्हने लाकडं चोरीले जातात. त्या महिन्यात मी व्हरांड्यात बसलो, थंडीत. पोरी हासत. एक म्हने, ही बाटवते का आमाले? दुसऱ्या महिन्यात मी बस धरली."

माझं डोकं फिरलं. आमच्या बापजाद्यांना लोकांनी गावाबाहेर बसवलं. पाण्यापासून दूर, देवळापासून दूर. कोणी बाहेर बसलेलं दिसलं की माझ्या अंगात आग होते. मी तसाच पाठमोरा ओरडलो.

"आन आता इथी काय करून राह्यली? शिकलेली पोरगी तू! झोपडीत कायले बसली? सोडून दे ना हे!"

मागून हसल्यासारखा आवाज आला. रडतानाच.

"म्हनूनच मावशीनं तुमाले सांगतलं नाई."

मी झाडाची साल नखानं खरवडत राहिलो. ती पुढं सांगू लागली.

"ती म्हने, मावसाजी चांगले हायेत, पन आयकायच्या आंधी भडकतात. तिनंबी मले इचारलं होतं, मैने, हे सोडत काऊन नाई? मी म्हटलं, सोडीन, माह्या मनानं सोडीन. ती म्हने, मंग तोवरी वरून छत पाहिजे का नाई? बस, एवढंच म्हने ती."

एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या नाकाखाली ती हे करत होती, आणि माझ्या तोंडाच्या भीतीनं मला कुत्रीचं नाव सांगत होती. मला राग आला. कोणावर आला ते सांगता येत नाही. ती समोर असती तर भांडलो असतो. तेही आता होणार नव्हतं.

"खोली भेटंल," मी म्हटलं. "तू चाल."

"तुमी तर काम सोडलं ना?"

"काम सोडलं. हात नाई सोडले."

तिच्या बापाला मी तेच सांगितलं. विज्जानं दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. म्हणाला, "तिची आंघोळ होईपर्यंत थांबा."

आम्ही थांबलो. बाई बायांसोबत मोह वेचायला जाऊ लागल्या. काहीच विचारत नव्हत्या. आपल्या आईचं सांगत, आपलं लग्न मोडलं ते सांगत, अर्धं मराठीत, अर्धं हातवाऱ्यांनी. आणि बाया त्यांना सांगत होत्या: कोणाची पोरगी आश्रमशाळेतून का आली, कोणाची का गेलीच नाही. मशीन गोटुलात आढ्याला टांगलेली होती. दसरूनं एकदा तिच्यावर कोंबडी बसली ती हाकलली.

परत

निघताना मैनीच्या आईनं माझ्या फडक्यात वाळलेला मोह बांधला. कोणासाठी ते बोलली नाही.

आलापल्लीच्या पुढं बसमध्ये बाईंनी आपलं लिहिलेलं मैनीला वाचून दाखवलं. चुकलं तर सांग, नको असेल तर खोडते, म्हणाल्या. हे त्यांचं चौथं हत्यार, आणि मला हेच तेवढं पटलं. मैनीनं दोन जागी खोडायला लावलं. बापाचा ताप, काकाचं धान आणि आईचा रस्ता बाईंनी आपणहून खोडला होता.

मग भागरताचं आलं. "वसतिगृहातील एक स्वयंपाकीण," असं लिहिलं होतं.

"नाव लिहा," मी म्हटलं.

"भाऊ, तो नियम आहे. कोणाचंच खरं नाव नाही. सांगणाऱ्याला पुढं त्रास होऊ नये म्हणून."

"तिले आता कोनाचा तरास होनार हाय?"

बाईंनी वही मिटली. मी भांडणार होतो. मैनी मधात बोलली, "मावसाजी, तुमी लिहा ना मंग. तुमाले कोनता नियम हाय?"

म्हणून हे लिहिलं. भागरता. सावली तालुक्यातल्या एका गावची लेक, मुलींच्या वसतिगृहातली स्वयंपाकीण.

संध्याकाळी चंद्रपुरात उतरलो. वसतिगृहाच्या मॅडमनी मैनीकडं पाहिलं, सुनंदाबाईंकडं पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि आत घेतलं. परीक्षेचं बोलायला बाई प्राचार्यांकडं जाणार होत्या. ते काम त्यांचं होतं. माझं वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, खुंटीवरचं गाठोडं काढलं, हातात घेतलं आणि वसतिगृहाच्या मागच्या दारानं आत गेलो. नवीन स्वयंपाकीण चूल पेटवत होती.

"किल्ली दे."

"मॅडमले इचारा लागंल भाऊ."

"तू इचार. तोवरी मी लाकडं काढतो."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि किल्ली दिली. सगळी लाकडं बाहेर काढून भिंतीला रचली, वर टिनाचा पत्रा टाकला. कोपऱ्यात एक पोतं सापडलं, नीट घडी केलेलं, भागरता करायची तशी चौघडी. ते झटकलं आणि होतं तिथंच ठेवलं. जमीन शेणानं सारवली. मला सारवता येत नाही, सगळे हाताचे पट्टे उठले. मॅडम आल्या, दारात उभ्या राहिल्या, काय चाललंय म्हणाल्या. मी सांगितलं. भडकलो नाही. त्या ऐकून घेत होत्या तोवर मी सांगत राहिलो. "बघू" म्हणून गेल्या. कुलूप मी खिशात टाकलं.

मग जमीन वाळेपर्यंत उंबऱ्यावर बसलो आणि गाठोडं सोडलं. शेंगा वाळून कडक झाल्या होत्या. एक फोडली, दाणे खळखळ वाजले. मैनी कॉलेजला जायला निघाली होती, हातात वही. मला पाहून थांबली. वही दाराशी ठेवली, समोर बसली, आणि अर्ध्या शेंगा आपल्याकडं ओढून घेतल्या.